अडीच फुटांचा प्रपंच

ज्या गावाला रेल्वे स्थानक आहे त्या गावच्या माणसाला रेल्वेने लांब कोठे जायचे असल्यास त्याने आधी एसटी धरून उलट दिशेला मिरजेस जावे, तेथे एक्सप्रेस गाडीत बसावे, आणि तीच गाडी काही वेळाने त्याच्या स्वतःच्या गावाच्या फलाटावरून न थांबता सुसाट निघाली की खिडकीतून आपल्या घराच्या दिशेने हात हलवावा, ही प्रवासाची रीत मिरज ते पंढरपूर या लोहमार्गावरील अनेक लहान गावांत रूढ झाली असून तेथे कोणालाही ती विचित्र वाटत नाही. घरची मंडळी त्या सुमारास अंगणात उभी असतात, डबे डोळ्यांसमोरून गेले की ‘बसला वाटतं’ असे समाधानाने म्हणतात आणि आत जातात. मुलगा नागपूरला निघाला असल्यास त्याने घर सोडून एव्हाना बरेच तास झालेले असतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेत त्याचे विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासूनचे सरळ अंतर, त्या क्षणी जवळजवळ शून्य असते. एसटीचे भाडे मात्र शून्य नसते.

रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर गाड्या किती धावल्या याचाच हिशेब ठेवला. त्या कोठे, कशासाठी आणि कोणासाठी थांबल्या, याची दफ्तरे कोणी उघडली नाहीत. वस्तुतः कुर्डुवाडी हे केंद्र धरून एका बाजूस बार्शी-लातूर आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूर-मिरज अशा पसरलेल्या ज्या मार्गास जुनी माणसे अजूनही ‘बार्शी लाइट’ म्हणतात, त्याचा इतिहास थांब्यांवाचून समजूच शकत नाही. कारण या मार्गाची निम्मी हयात गाडी फार थांबते म्हणून तक्रार करण्यात गेली आणि उरलेली ती थांबत नाही म्हणून तक्रार करण्यात जात आहे. प्रस्तुत विवेचनात ज्या गावाचा आधार घेतला आहे त्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ते दिल्यास शेजारची सहा गावे ‘आमचं का न्हाई?’ असे निवेदन घेऊन येतील, आणि निवेदन लिहिण्याच्या कामात ही गावे किती निष्णात आहेत हे पुढे दिसून येईलच.

‘लाइट रेल्वे’ म्हणजे दिव्यांशी संबंधित रेल्वे नव्हे, तर हलके रूळ, अरुंद मार्ग आणि हलका खर्च यांवर उभारलेली रेल्वे होय. रुळांमधील अंतरास गेज म्हणतात. भारतातील ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे, म्हणजे १६७६ मिलिमीटरचे. मीटरगेज नावाप्रमाणेच एक मीटरचे. आणि बार्शी लाइटचे नॅरोगेज अडीच फुटांचे, म्हणजे अवघे ७६२ मिलिमीटरचे. हा अडीच फुटांचा प्रपंच मांडणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, अर्थात जीआयपीच्या, नोकरीत भारतात आला. जीआयपीचा मुंबई-सोलापूर मार्ग बार्शीला वळसा घालून सुमारे एकवीस मैलांवरून गेला होता, आणि तेथील स्थानकास ‘बार्शी रोड’ असे नाव दिले होते. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ असेल तर ते गाव तेथे नाही, एवढीच माहिती त्यातून प्रवाशाला मिळते; बाकीची त्याने बैलगाडीवाल्याकडून मिळवायची असते. याच बार्शी रोडचे पुढे कुर्डुवाडी झाले. बार्शीचा कापूस आणि तेलबिया एकवीस मैल बैलगाडीने वाहून आणायच्या आणि मग वाफेच्या गाडीत चढवायच्या, हा प्रकार कॅल्थ्रॉपला सहन झाला नाही. त्याने १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी नेली.

कॅल्थ्रॉपचा मुख्य सिद्धांत असा होता की, इंजिनापासून मालडब्यापर्यंत कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. तसे केल्यास हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याने १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून बार्शीसाठी बांधलेले इंजिन आणि डबे जाणत्या मंडळींना चालवून दाखवले. यावरून बार्शीची गाडी बार्शीच्या आधी लीड्सला धावली, असे म्हणावे लागते. बार्शीकर आजही काही गोष्टी आपल्याकडे उशिरा येतात असे म्हणतात, त्यास हा पुरावा म्हणून वापरता येईल.

कॅल्थ्रॉपच्या पुढील आयुष्याविषयी येथे थोडे विषयांतर करणे योग्य ठरेल. चार्ल्स रोल्स हा त्याचा स्नेही १९१० मध्ये विमान अपघातात गेल्यावर त्याने पॅराशूट या विषयाचा ध्यास घेतला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. शिवाय त्याला अरबी घोडे पाळण्याचा नाद होता आणि १९२० मध्ये त्याने घोड्यांवर एक पुस्तकही लिहिले. अडीच फुटी गाडीच्या जनकाने अखेर घोडा आणि पॅराशूट या दोन पर्यायी वाहनांचा अभ्यास का केला असावा, याविषयी या मार्गावरील जुन्या प्रवाशांचे स्वतःचे एक मत आहे आणि ते कंपनीला फारसे अनुकूल नाही.

बार्शीनंतर हा मार्ग पंढरपूरकडे वळला, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरपर्यंत गेला आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला, तेव्हा त्याची एकूण लांबी दोनशे मैलांवर गेली होती. मिरजेत पूर्वीपासून मीटरगेज होते, त्यात हे नॅरोगेज आले, आणि १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेजही आल्याने तीन निरनिराळ्या रुंदीचे रूळ एका गावात नांदू लागले. सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवण्याच्या कामास रेल्वेच्या भाषेत ट्रान्सशिपमेंट म्हणतात. मिरजेस आणि कुर्डुवाडीस हे काम हमाल करीत, आणि प्रवाशांच्या बाबतीत ते प्रवासी स्वतःच करीत. डोक्यावर वळकटी, एका हातात तुपाची बरणी, दुसऱ्या हातात मूल, आणि तोंडात तिकीट अशा अवस्थेत तिसऱ्या फलाटाची चौकशी करणाऱ्या गृहस्थाला कोणी काय उत्तर दिले हे कळत नसे, कारण त्याचा प्रश्नच कोणाला कळत नसे.

आता गावातील स्थानकाकडे वळू. स्थानक एका गावाच्या नावाचे, दुसऱ्या गावच्या शिवारात, आणि तिसऱ्या गावाला जवळचे असावे, असा या मार्गावर अलिखित नियम दिसतो. त्यामुळे ज्याचे नाव आहे त्याला चालावे लागते, ज्याची जमीन गेली त्याला नाव मिळत नाही, आणि ज्याला जवळ पडते त्याला श्रेय मिळत नाही. तिन्ही गावे सारखीच नाराज राहतात आणि समतोल टिकतो. स्थानकावरील पिवळ्या फलकावर गावाचे नाव काळ्या अक्षरांत निरनिराळ्या लिपींत लिहिलेले असून खाली समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. गावातील निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, तरी आपण त्याच्याहून नेमके किती वर राहतो हे त्यांना ठाऊक असते. गाडी केव्हा येणार, हे मात्र त्या फलकावर कधीच लिहिलेले नव्हते, आणि जेथे लिहिले होते त्या वेळापत्रकाकडे गावकरी वाङ्मय म्हणून पाहत.

नॅरोगेजच्या काळात या स्थानकावर एक मास्तर आणि एक पाइंटमन असे. पाइंटमन म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला योग्य मार्गावर घालणारा कर्मचारी. परंतु प्रत्यक्षात कंदील पुसणे, मास्तरांच्या म्हशीला पाणी दाखवणे आणि टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांड्याने ठोके देऊन गाडी निघाल्याची वर्दी देणे, हीही कामे त्याच्याकडे असत. ठोके पडले की गावातील बायका भाकरी थापायला घेत, कारण ठोक्यांपासून गाडीपर्यंत एक पूर्ण स्वयंपाक बसतो, हा अनुभव होता. मास्तरांशी होणारे संभाषणही ठरावीक असे.

“मास्तर, गाडी किती लेट हाय वो?”

“अजून कळलं न्हाई.”

“मग कळंल तवा किती लेट असंल?”

या तिसऱ्या वाक्यानंतर मास्तर चष्मा काढून ठेवीत, आणि विचारणारा आपल्याला उत्तर मिळाले असे समजून लिंबाखाली जाऊन झोपत असे.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी म्हणून त्या काळी चालकाच्या हाती टोकन नावाची खूण दिली जाई, आणि ती मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. अपघात टाळण्यासाठी योजलेल्या या उत्तम पद्धतीचा सामाजिक उपयोग कॅल्थ्रॉपच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. टोकन मास्तरांच्या हातात, चालक खाली वाकलेला, आणि दोघांनाही एकमेकांच्या घरची खबर हवी, अशा वेळी टोकन हे वाहतुकीपेक्षा संवादाचे साधन ठरे. असे सांगतात की, मास्तरांच्या पुतणीसाठी चालकाच्या भाच्याचे स्थळ निघाले तेव्हा पत्रिका जुळेपर्यंत गाडी रोज थोडी थोडी अधिक रेंगाळू लागली. पत्रिका जुळली नाही. त्यानंतर आठवडाभर गाडी वेळेवर धावल्याने गावातील तेवीस माणसांची गाडी चुकली आणि त्यांनी दोन्ही घराण्यांना मध्यस्थी करून पुन्हा बोलणी सुरू करायला लावली.

गाडी कोणासाठी थांबावी याचे नियम छापील पुस्तकात असत, पण ते पुस्तक कोणी गार्डला दाखवीत नसे. बांधावरून एखादी बाई हातवारे करीत येताना दिसली की गार्ड हिरवी झेंडी गुंडाळून ठेवी. ती आली की कळे, तिला गाडीत बसायचे नसून फक्त सांगोल्याच्या नणंदेसाठी शेंगांची पिशवी द्यायची आहे. पिशवी घेऊन गार्ड नणंदेचे नाव विचारी, नणंदेच्या नवऱ्याचे विचारी, मग तिच्या सासऱ्यांना आपण ओळखतो असे त्याच्या लक्षात येई, आणि मागच्या डब्यातून कोणीतरी ओरडे, “अहो, निघताय की आता इथंच मुक्काम?” ओरडणाऱ्यालाच पुढच्या गावात अर्ध्या मिनिटासाठी उतरून मेव्हण्याला निरोप द्यायचा असल्याने त्याच्या आवाजात फारसा जोर नसे.

आषाढी-कार्तिकीला मात्र या थांब्यांचे स्वरूप पार बदलून जाई. पंढरपूर हे या मार्गाचे सर्वांत मोठे भाग्य आणि सर्वांत मोठे संकट होते. एरवी रिकाम्या धावणाऱ्या गाडीला त्या दिवसांत माणसे आत, दारात आणि टपावर असत, आणि कमी पडल्यास मालाच्या डब्यांतूनही यात्रेकरू नेले जात. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला कापसाच्या गाठीच्या जागी बसवले म्हणून त्याची तक्रार नसे; त्याची तक्रार शेजारच्या माणसाने टाळ आपल्या कानाशी धरला आहे, एवढीच असे. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हा कॅल्थ्रॉपचा सिद्धांत या दिवसांत विठ्ठलावर सोपवला जात असावा.

सन १९५४ मध्ये केंद्र सरकारने ही खासगी रेल्वे विकत घेतली. कंपनीचे राज्य संपल्याचा आनंद गावात चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी गाडी नेहमीच्याच वेळेला, म्हणजे नेहमीच्याच उशिराने आली, आणि गावाला तक्रार करायला आता आपले स्वतःचे सरकार मिळाले हे लक्षात आले. तेव्हापासून ब्रॉडगेजची मागणी सुरू झाली. या मागणीचे निवेदन आजोबांनी लिहिले, वडिलांनी त्याची नक्कल केली, नातवाने ते टंकलिखित केले, आणि प्रत्येक निवडणुकीत ते प्रत्येक उमेदवाराने दोन्ही हातांनी स्वीकारले. निवेदनातील एक वाक्य तीन पिढ्यांत बदलले नाही: ‘सदर गाडी जागोजागी विनाकारण थांबत असल्याने जनतेची अतोनात गैरसोय होत आहे.’ पुढील घटनांच्या संदर्भात वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

ब्रॉडगेज आले ते तुकड्यातुकड्याने. कुर्डुवाडी-पंढरपूर हा भाग २००१ च्या सुमारास रुंद झाला, लातूरकडचा २००७ आणि २००८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज हा भाग २०१०-११ मध्ये. लातूरकडील रूळ नव्याने टाकताना मार्ग थोडा वळवून धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, रेल्वेच्या नकाशावर आणले गेले; त्याआधी जवळजवळ शतकभर जिल्ह्याच्या या मुख्य गावाने गाडी येडशीवरून जाताना फक्त ऐकली होती. यथावकाश प्रस्तुत गावाचीही पाळी आली आणि नॅरोगेजची शेवटची गाडी निघाली. तिला झेंडूच्या माळा घातल्या, इंजिनापुढे नारळ फोडला, आणि जन्मात कधी तिकीट न काढलेली माणसे फलाटावर हुंदके देऊन रडली. एका तात्यांना शोक इतका अनावर झाला की, त्यांनी आयुष्यातील पहिले तिकीट त्या दिवशी काढले, आणि तपासनीस आलाच नाही म्हणून त्यांचे दुःख दुप्पट झाले.

नव्या मार्गाबरोबर लांब फलाट आला, उंच पादचारी पूल आला, पिण्याच्या पाण्याचे नळ आले आणि त्यांच्यात कधीकधी पाणीही आले. मास्तर आणि पाइंटमन मात्र गेले, कारण गावाचे स्थानक आता ‘हॉल्ट’ झाले होते. हॉल्ट म्हणजे जेथे सिग्नल नाही, सांधे नाहीत, रेल्वेचा कर्मचारी नाही, आणि कमिशनवर तिकिटे विकणारा एक स्थानिक एजंट आहे, असे स्थानक. दिवसातून एक पॅसेंजर तेथे थांबते. बाकीच्या गाड्या ज्या वेगाने जातात त्या वेगाने गावातून आजवर फक्त अफवा गेली होती. पहिली एक्सप्रेस न थांबता गेली त्या दिवशी फलाटावरील वाळत घातलेले पापड तिच्यामागून शिवारात गेले, एका सरपंचाची टोपी गेली, आणि धूळ खाली बसल्यावर जमलेल्या मंडळींना तीन पिढ्यांच्या निवेदनाचा अर्थ एकदम उमगला. गाडी आता विनाकारण थांबत नव्हती. सकारणही थांबत नव्हती.

“आपणच मागितलं होतं न्हवं?” असे एका आजोबांनी विचारले. त्यांना पुढच्या बैठकीला बोलावण्यात आले नाही.

यानंतरच्या काळात या मार्गावर गाड्या थांबल्या त्या कशासाठी, हे पाहणे उद्बोधक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची पाणीटंचाई इतकी तीव्र झाली की, मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्याचे ठरले. राजस्थानातील कोटा येथे वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, वाफेने स्वच्छ करून आणले गेले. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली, आणि पुढे ‘जलदूत’ या नावाने तिच्या फेऱ्या बरेच दिवस चालू राहिल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा मार्ग जुन्या बार्शी लाइटचाच होता. प्रस्तुत गावाला त्या वर्षी चार दिवसांआड टँकर येत असे. त्यामुळे पाच लाख लिटर पाणी फलाटावरून न थांबता जाताना गाव रांगेत उभे राहून पाहत होते, काहींनी सवयीने घागरी आणल्या होत्या. लातूरच्या संकटाबद्दल गावाच्या मनात खरी कणव होती, म्हणून कोणी घोषणा दिली नाही. फक्त एका मावशींनी जाणाऱ्या शेवटच्या वाघिणीकडे पाहून, “सांडतंय का बघा रं,” एवढेच म्हटले.

दुसरे उदाहरण डाळिंबांचे आहे. सांगोला हा डाळिंबांचा तालुका, आणि तेथील स्थानक याच मार्गावरचे. सन २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवासी गाड्या बंद किंवा मोजक्याच असताना शेतमालासाठी किसान रेल सुरू झाली, आणि २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. ढोबळी मिरची, कोबी, शेवगा, कांदा, द्राक्षे, डाळिंब, सीताफळ असा माल दोन हजार किलोमीटरांहून दूर गेला. फळे आणि भाजीपाला यांच्या भाड्यात निम्मी सवलत होती, वाटेतल्या थांब्यांवर माल चढवता-उतरवता येत होता, आणि किमान अमुक इतकाच माल हवा अशी अटही नव्हती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट निःसंशय हिताची होती. परंतु एका डाळिंबासाठीही गाडीला आक्षेप नाही आणि माणसांना मात्र किमान संख्या हवी, हा भेद गावाच्या सभेत चर्चिला गेला, आणि नागपूरला जाणाऱ्या मुलांना खोक्यात घालून वर ‘नाशवंत’ असे लिहावे, अशी एक सूचनाही पुढे आली. ती इतिवृत्तात नोंदवलेली आहे.

ही सभा ज्या संघटनेची, तिचे नाव ‘एक्सप्रेस थांबा कृती समिती’. तिच्या कार्याचे प्रत्यक्ष निरीक्षण करावे या हेतूने या विषयाचा एक अभ्यासक, ज्याच्या विद्वत्तेविषयी येथे मौन बाळगणेच इष्ट, वही आणि पेन घेऊन एका सकाळी त्या फलाटावर जाऊन बसला. वही पाहताच तो रेल्वेचा मोठा साहेब असल्याची बातमी गावात गेली. दहा मिनिटांत खुर्ची आली, मग सतरंजी, मग शाल आणि नारळ, मग बँडवाल्यांपैकी हाती लागलेला एक ताशेवाला. आपण साहेब नसून केवळ इतिहासाचे अभ्यासक आहोत, असे त्याने तीन वेळा सांगितले.

“असं गुपचूपच येत्यात ते,” समितीचे अध्यक्ष समाधानाने म्हणाले, “पाहणीला.”

त्यानंतर त्याला फलाटाची लांबी मोजायला लावली गेली, दोन परस्परविरोधी निवेदने स्वीकारायला लावली गेली, आणि सत्काराच्या उत्तरादाखल त्याचे भाषण चालू असताना दिवसातील एकुलती एक पॅसेंजर येऊन, अर्धे मिनिट थांबून, निघून गेली. ती आली हे भाषण ऐकणाऱ्यांनी पाहिले होते. परंतु साहेबांना मध्येच अडवणे कोणाला सभ्यपणाचे वाटले नाही. अभ्यासक एसटीने परतला. शाल त्याच्याकडे राहिली, नारळ कंडक्टरने ठेवून घेतला.

समितीच्या निवेदनाला संबंधित कार्यालयाकडून पुढे उत्तर आले. ‘सदर स्थानकावरील प्रवासीसंख्या व उत्पन्न विहित निकषांत बसत नसल्याने मागणी तूर्त मान्य करता येत नाही,’ असे त्यात म्हटले होते. या वाक्यातील तर्क निर्दोष आहे: गाडी थांबत नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून गाडी थांबत नाही. गावाने या वर्तुळाचा बारकाईने अभ्यास करून त्याची एक कड मोकळी असल्याचे शोधून काढले. उत्पन्न तिकिटांवर मोजतात. तिकीट काढलेल्याने प्रवास केलाच पाहिजे, असे कोठेही म्हटलेले नाही.

तेव्हापासून गावात पाळीने तिकिटे काढण्यास सुरुवात झाली. सोमवारी मारुतीच्या देवळामागची गल्ली, मंगळवारी वेशीजवळची, अशी वाटणी झाली. दहा दहा रुपयांची, पुढच्या स्थानकापर्यंतची तिकिटे रोज निघू लागली, आणि ती कोणीही वापरीत नसल्याने ताण ना गाडीवर, ना फलाटावर, असा आदर्श प्रवास घडू लागला. कमिशनवर काम करणाऱ्या एजंटाने समितीला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. अल्पावधीतच नेहमीचे प्रश्न निर्माण झाले. सत्ताधारी गट पंढरपूरच्या दिशेची तिकिटे काढतो म्हणून विरोधी गट मिरजेच्या दिशेची काढू लागला. किराणा दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी तिकिटे देऊ लागला, एका लग्नात आहेराच्या पाकिटात अकरा तिकिटे निघाली, आणि शुक्रवारच्या गल्लीने थकवलेल्या तिकिटांची यादी चावडीवर लागली तेव्हा तिच्यात समितीच्या खजिनदाराचे नाव पहिले होते. तथापि उत्पन्न वाढत होते, आकडा निकषाच्या जवळ येत होता, आणि समितीने हिशेबाची वही खिडकीशेजारी दोरीने बांधून ठेवली होती.

अशा स्थितीत एका बुधवारी हातात पिशवी घेतलेल्या एका आज्जी खिडकीशी आल्या आणि त्यांनी दहा रुपयांची नोट आत सरकवली. एजंटाने मान वर न करता वहीत त्यांच्या गल्लीपुढे खूण केली, नेहमीप्रमाणे पुढच्या स्थानकाचे तिकीट फाडले, आणि पुढच्याला बोलावले. आज्जी हलल्या नाहीत.

“पुढच्या ठेसनाचं नगं बाबा. पंढरपूरचं दे.”

“चालतंय की आज्जी, कुठलं बी चालतंय. पैसं उत्पन्नातच जमा हुत्यात.”

“आरं, पर मला जायाचं हाय.”

एजंटाने पेन खाली ठेवले. रांगेतील चार माणसे पुढे आली. समितीच्या अध्यक्षांना बोलावणे गेले, ते धापा टाकीत आले, आणि त्यांनी आज्जींकडे, त्यांच्या पिशवीकडे आणि मग पुन्हा आज्जींकडे निरखून पाहिले.

“म्हंजी,” अध्यक्षांनी खात्री करून घेण्यासाठी विचारले, “गाडीत बसून?”